मूळ वरच्या बाजूला

पिट्सबर्ग, फोर्ब्स अव्हेन्यू, चौथा मजला.
इथे मी मराठीची वाक्यं झाडावर चढवते.
झाड उलटं. मूळ वर, पानं खाली,
आणि मुळाच्या जागी बहुतेक वेळा क्रियापद.
दिवसाला चाळीस वाक्यं. करारात तसं लिहिलंय.

सोपी आधी संपवते.
'शेजाऱ्याने कुत्रा पाळला.'
शेजारी कर्ता. 'ने' चिकटायच्या आधीच
वाकून शेजाऱ्या झालेला.
पण क्रियापद बघतं कुत्र्याकडे:
पाळला. मांजर असती तर पाळली.
ड्वेन म्हणतो, मशीनला हे विचित्र वाटेल.
मी म्हणते, सांग तिला,
काम झाल्यावर करणाऱ्याला कोण विचारतं.

'मला राग आला' यात अख्खा मंगळवार गेला.
ड्वेनला कर्ता हवा होता,
रकाना रिकामा चालत नाही.
राग आला, म्हटलं. म्हणजे राग कर्ता.
मग तू कोण?
मी, तो जिथे आला ते ठिकाण.
ड्वेन खूप वेळ हसत राहिला
आणि मला खरंच आला,
प्रयोग कर्तरी की भावे हे न बघता.

संध्याकाळी बर्निस कोव्हाल्चिक येते
कचऱ्याच्या टोपल्या रिकाम्या करायला.
परवा माझा कप नाकाशी धरून म्हणाली,
'धिस कप नीड्स वॉश्ट.'
मधले दोन शब्द गाळून. इथली जुनी रीत.
पोलादाच्या भट्ट्या विझल्या,
हे वाक्य नाही विझलं.
गंमत म्हणून मी ते मशीनला दिलं.
मशीनने खाली लाल रेघ ओढली.
बर्निसने पडद्याकडे बघितलं, मग कपाकडे,
आणि कप धुऊन आणला.

शुक्रवारी दादाची मेल.
तो बँकेत आहे, महत्त्वाचं सगळं इंग्रजीत लिहितो.
'वी हॅव डिसायडेड.' आई आता कराडला राहणार.

त्या 'वी'त मी आहे का?
तीन दिवस ते वाक्य अंगावर वागवलं,
बसमध्ये, दुकानाच्या रांगेत,
मनॉन्गहेलाच्या गढूळ पाण्यावरच्या पुलावर.
इंग्रजीत तो रकानाच नाही.
दार एकच, आणि आतून कडी आहे की नाही
बाहेरून कळत नाही.

सोमवारी रात्री फोन केला.
तिकडे मंगळवारची सकाळ, कुकरची शिट्टी,
मागे आई कुणाला तरी विचारत होती,
'चष्मा कुठाय माझा?'
'अगं, आम्ही ठरवलं,' दादा म्हणाला,
अगदी सहज, चहात साखर घातल्यासारखं.

आपण नाही. आम्ही.

त्याला माहीतही नसेल काय बोलला ते.
मला दिवसाला चाळीसदा माहीत असतं.
बरं झालं, म्हटलं मी.
कराडची हवा चांगली आहे, हेही म्हटलं.
मला वाईट वाटलं.
पुन्हा मीच ते ठिकाण.

दुसऱ्या दिवशी एकविसावं वाक्य:
'आम्ही उद्या निघतो.'
पुरुष, पहिला. वचन, अनेक.
ऐकणारा, वगळून.
टिचकी मारली. चौकट हिरवी झाली.
इतकं बरोबर मी क्वचितच काही केलं असेल.

बाविसावं लगेच उघडलं नाही.
खिडकीबाहेर सहाच्या आतच अंधार,
खालच्या रस्त्यावर मीठ पसरणारा ट्रक.

बर्निस आली. दिव्याच्या बटणावर हात ठेवून म्हणाली,
'यिंझ डन?'
यिंझ म्हणजे इकडचं तुम्ही,
पण आदराचं नव्हे, नुसतं अनेकांचं.
खोलीत मी एकटी होते.
कुणाकुणाला धरून म्हणाली, विचारलं नाही.
पाच मिनिटं, म्हटलं,
आणि कप तिच्या आधी मीच उचलला.